उशाखालचं नाव

नाव घ्यायचं नाही अशी ताकीद मला मिळाली, तेव्हा ज्याचं नाव घ्यायचं नव्हतं ते बाळ अजून जन्मालाही आलेलं नव्हतं. बजाजनगरात आमचं घर आणि राजांचं घर एकाला एक लागून होतं, मध्ये कमरेएवढी भिंत. त्या भिंतीपलीकडून राजांच्या मातोश्रींनी, सगळी गल्ली त्यांना आईसाहेब म्हणायची, बोट उगारून मला सांगितलं, "पोरी, तू दिवसभर आमच्या सूनबाईंजवळ असतेस. मुलगा होईल का मुलगी, नाव काय ठेवायचं, यातलं एक अक्षर या घरात निघता कामा नये. ध्यानात राहील?" मी सातवीत होते आणि बडबडी म्हणून नावाजलेली होते. मान हलवली खरी, पण त्या दिवसापासून तोंड उघडलं की काहीतरी भलतंच बाहेर पडेल अशी धास्ती बसली. नाव मला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, तरी बसली. भीतीला कारण लागतंच असं नाही, ताकीद पुरते.

हे राजे म्हणजे नावाचे राजे नव्हेत, खरोखरचे. फुलंब्रीच्या पुढं त्यांचं गाव, जुनं सरदार घराणं, आणि गादीवर त्यांचे थोरले चुलते आबासाहेब. गावात राजे एसटीतून उतरले की म्हातारी माणसं वाकून मुजरा करतात, असं आम्ही ऐकून होतो. पण जमिनी वाटण्यांत गेल्या आणि हे धाकट्या पातीचे राजे डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर झाले. माझे वडील, दादा, त्याच कारखान्यात फिटर. सकाळच्या पाळीला दोघं एकाच बसला. राजे रोज उशीर करायचे, डबा काखेत मारून चपला फटफटवत पळत यायचे, आणि दादा बसच्या दारात पाय रोवून ओरडायचे, "राजे, पळा! तुमचं राज्य निघालं बघा!" त्यावर सगळी बस हसायची, राजेही हसायचे. आम्ही बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली. त्यांच्या गावात राहिलो असतो तर त्यांच्या आणि आमच्या घरात अख्खं शिवार आडवं आलं असतं. इथं फक्त भिंत होती, आणि तिच्यावरून राजांच्या पत्नी वहिनीसाहेब आणि माझी आई रोज भाजीच्या वाट्या इकडून तिकडं करायच्या. आईसाहेब सुनेच्या बाळंतपणासाठी मुक्कामाला आल्या आणि आईनं ठेवलेली वाटी भिंतीवर तशीच राहायला लागली. आई संध्याकाळी ती उचलून आणायची.

वहिनीसाहेबांची दोन मुलं गेली होती. पहिलं आठव्या दिवशी, दुसरं वीस दिवसांचं होऊन. दोन्ही वेळा गावात कमान उभारली होती, पेढे वाटले होते, बाळराजांचं नाव जन्माच्या दिवशीच चावडीवर जाहीर झालं होतं. म्हणून मग घराण्यानं असं ठरवलं की नावानंच दृष्ट लागते. आईचं मत वेगळं होतं. ती सरकारी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती, रोज बसनं शहरात जायची आणि फिनेलचा वास घेऊन घरी यायची. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणायचे, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. माझ्या तोंडात अजून दोन्ही येतात. आई म्हणायची, "पोरं नावानं मरत नसत्यात पमे, उशिरानं मरत्यात. घरच्यांचं अंगारे-धुपारे सरले की मग आणत्यात आमच्याकडं." हे मला पटायचं. पण पटणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सांगड मला आज पन्नाशी उलटल्यावरही नीट जमलेली नाही.

त्या दिवसांचा विचार केला की आधी वास येतात. भिंतीपलीकडं डिंकाचे लाडू वळायला घेतलेले, तुपात फुगणारा डिंक, अळीव, खोबरं, आणि त्यात मधूनच वाळूजकडून येणारा रबर जळाल्यासारखा वास. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा. त्या भोंग्यावर आमचं जेवण, झोप, नळाचं पाणी सगळं चालायचं. वहिनीसाहेब दारात पाय पसरून बसायच्या, मी त्यांना शाळेतलं काहीबाही सांगायची, आणि बोलता बोलता त्यांचा हात पोटावर थांबला की मीही थांबायची. "हललं का?" असं विचारायचीही चोरी. त्या नुसत्या डोळ्यांनी हो म्हणायच्या. तेवीस-चोवीस वर्षांची बाई ती, पण हसताना आधी आजूबाजूला बघून घ्यायची.

मुलगा झाला. आईच्याच वॉर्डात झाला, वजन जरा कमी पण रडणं खणखणीत. तिसऱ्या दिवशी घरी आणला आणि त्याला आतल्या खोलीत ठेवलं. खिडकीला गोधडी लावून अंधार केला, कोपऱ्यात शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, आणि वर टांगलेला एक पिवळा बल्ब. बाळाच्या अंगाला हळद, बाळंतिणीच्या अंगाला हळद. सव्वा महिना बाळानं उंबरा ओलांडायचा नाही, बाहेरच्या कुणाची नजर पडू द्यायची नाही आणि बारसंही सव्वा महिन्यानंच, असा आबासाहेबांचा निरोप होता. मला मात्र आत जाऊ देत, कारण दुपटी बदलायला आणि शेगडी बघायला कुणीतरी हवं होतं. आईसाहेबांचे गुडघे धरायचे.

पाचव्या दिवशी सकाळी आईसाहेब आमच्या दारात आल्या. त्या आमच्या उंबऱ्याशी आल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. आत आल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथलं मूल जन्मताच दुसऱ्या बाईला विकायचं, अशी त्यांच्याकडं रीत होती. मूठभर धान्य घेऊन विकायचं, म्हणजे दैव येऊन बघतं तर मूल त्या घरचं नसतंच. विकत घेणारी बाई अशी हवी की जिची सगळी लेकरं जगली. आम्ही चौघं भावंडं होतो आणि चौघंही जित्तीजागती दंगा करत होतो. "आणि नाव," आईसाहेब म्हणाल्या, "बारशापर्यंत तुम्ही काहीतरी टाकाऊ नाव ठेवायचं. कचरू, धोंडू, असलं. म्हणजे कुणाचं लक्ष जात नाही."

त्यांनी रीत अर्धीच सांगितली होती. मूल जितक्या खालच्या घरात विकावं तितकं दैवाला सापडत नाही, हा तिचा उरलेला अर्धा भाग. तो आईलाही माहीत होता आणि आत बसून दाढी करणाऱ्या दादांनाही. त्या गेल्यावर दादा अर्ध्या दाढीनं बाहेर आले. "माझ्या आजाचं नाव कचरू व्हतं," ते म्हणाले. "ते काय त्याला नजर लागू नये म्हणून ठेवलं नव्हतं. तू जायची नायस."

"त्या बाईचं तोंड बघा जाऊन," आई म्हणाली, "अन् मग बोला."

"लेकराचा काय संबंध? ही अंधश्रद्धा हाय का नाय?"

"हाय."

"मग?"

"तिचं दुसरं लेकरू गेलं तवा मीच पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दिलंय तिच्या नवऱ्याच्या हातात," आई म्हणाली. "मूठभर जवारीनं तिला झोप येणार असंल तर माझं काय जातंय?" दादा परत आत गेले आणि त्यांनी गालाला दोन ठिकाणी कापून घेतलं. नावाच्या बाबतीत मात्र आईनं दादांचंच ऐकलं. आईसाहेबांना तिनं भिंतीवरून सांगितलं, इकत घेते, पण टाकाऊ नाव माझ्या तोंडून निघायचं नाय. बाळ म्हणजे बाळ.

दुपारी गल्लीतल्या पाच बायका बोलावल्या. सुपात खण अंथरून त्यावर दुपट्यानं तोंड झाकलेलं बाळ, सूप उंबऱ्यावर. आईनं ओंजळीतली ज्वारी सुपात टाकली आणि बाळाला उचललं. आईसाहेबांनी विचारलं, "कुणाचं लेकरू?" आई म्हणाली, "माझं." तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. वहिनीसाहेब आतून ऐकत होत्या. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडात पदर कोंबला, ते मला दारातून दिसलं. मग आईनं बाळ त्यांच्याच मांडीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "घ्या, माझं लेकरू सांभाळा." वहिनीसाहेब रडता रडता हसल्या. त्याच दिवशी आबासाहेबांचा माणूस गावाहून पाकीट घेऊन आला. आत बाळाचं नाव, पाकिटावर कुंकवाचं बोट. सटवाई पाचवीला बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवलेलीच होती. आईसाहेबांनी पाकीटही बाळाच्या उशीखाली सरकवलं, त्यावर लोखंडी अडकित्ता. म्हणाल्या, "बारशापर्यंत याला जो हात लावील तो या घरचा वैरी."

आणि दुसऱ्याच दुपारी मी हात लावला. आई त्या सकाळीच फुलंब्रीला गेली होती. तिथं दिलेली माझी मावशी आजारी पडल्याचा निरोप आला होता. आईसाहेब बाहेरच्या खोलीत पेंगत होत्या. वहिनीसाहेब खाटेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या. बाळानं अंथरूण ओलं केलं, ओल उशीपर्यंत गेली, आणि मी उशी उचलून बघते तर पाकिटाचा एक कोपरा भिजून काळा पडलेला. हाक मारावी तर पाकीट भिजलं कसं याचं उत्तर द्यावं लागणार, तसंच ठेवावं तर शाई पसरणार. मी पाकीट शेगडीजवळ धरलं, वाळवायला. उब लागली तसं चिकटवलेलं तोंड आपोआप सुटलं आणि आतला कागद अर्धा बाहेर आला. मी शपथेवर सांगते, मी तो ओढला नाही. वाचला मात्र. सातवीतल्या, दिसेल ते वाचणाऱ्या पोरीला अक्षरं न वाचणं जमत नाही. ठळक वळणदार अक्षरात लिहिलं होतं: रायाजीराव.

भाताचं एक शीत बोटानं चिरडून मी पाकीट चिकटवलं, उशीखाली ठेवलं, अडकित्ता ठेवला. इथंच थांबले असते तर ठीक होतं. पण बाळ जागं होतं, त्या पिवळ्या उजेडात माझ्याकडं टक लावून बघत होतं, आणि सहा दिवसांत त्याला कुणी एकदाही हाक मारलेली नव्हती. मला त्याची फार दया आली. मी वाकले आणि त्याच्या कानात म्हणाले, "रायाजी." त्यानं डोळे मिचकावले. मला वाटलं, कळलं त्याला.

दुसऱ्या दिवशी बाळ कमी रडलं. आईसाहेब म्हणाल्या, गुणाचं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी ते छातीला लावलं तरी ओढेना. तोंडात दूध पिळलं तर गालावरून ओघळलं. नुसतं झोपून राहायचं, हात उचलून सोडला तर पडायचा. आईसाहेबांनी मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, धुरी वाढवली. मी दुपटं धुवायला नळावर गेले आणि तिथंच बसून राहिले. माझ्या लेखी सगळं स्पष्ट होतं. आधीची दोन मुलं नाव उच्चारल्यानं गेली, आणि तिसऱ्याचं नाव मी उच्चारलं होतं, तेही कानात, नेमकं त्याच्या आत. सांगायचं कुणाला? आईसाहेबांना सांगितलं तर मी वैरी. दादांना सांगितलं तर ते म्हणणार, शिकून सवरून असल्यावर विश्वास ठेवतीस? आमच्या घरात भुताखेतांना भिणं हाच मोठा गुन्हा होता. म्हणजे मी एकीकडं नाव घेतल्याची गुन्हेगार आणि दुसरीकडं त्याला भिण्याची. आजवर आयुष्यात पुष्कळ भ्याले. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, मुलाचा अपघात झाला तेव्हा. पण तेव्हा शेजारी कुणीतरी असायचं. त्या नळावर मी जशी एकटी भ्याले तशी पुन्हा कधी भ्याले नाही.

भर दुपारी, भोंग्याला अजून अवकाश असताना आई फुलंब्रीहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हणाले, "बाळ दूध प्यायना झालंय."

"कवापासून?"

"सकाळपासून. कालपासून रडतबी नाय."

आईनं पिशवी तिथंच टाकली. भिंतीला वळसा घालून, न विचारता, ती आतल्या खोलीत शिरली. बाळाला उचललं आणि पहिलं काम काय केलं तर खिडकीवरची गोधडी ओढून काढली. पाच दिवसांनी त्या खोलीत उजेड आला. आईनं अंगठ्यानं बाळाचं नाक दाबून सोडलं, मग छाती, मग तळपाय उजेडात धरले. हळद पुसून टाकली तरी ते पिवळेच होते. पिवळ्या बल्बखाली, हळदीत, ते कुणाला दिसलंच नव्हतं. "कावीळ हाय," आई म्हणाली. "तळपायापर्यंत उतरलीय. आत्ताच्या आत्ता न्यायला पायजे."

आईसाहेब दारात आडव्या उभ्या राहिल्या. "सव्वा महिना व्हायच्या आत बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही. आम्ही आबासाहेबांना निरोप धाडलाय. आणि राजे आल्याशिवाय तर मुळीच नाही."

"राजे पाळी सुटल्यावर येतील. तवर काय उरंल?"

"तुम्ही कोण ठरवणार?" आईसाहेब म्हणाल्या. "आमचं बाळ आहे."

आई दोन पावलं पुढं गेली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुमचं कसं? पाच बायांसमोर इकलंय तुम्ही. जवारी सुपात पडली का नाय? तीनदा इचारलं, तीनदा सांगितलं. का ते खोटं व्हतं? खोटं असंल तर तसं म्हणा मोठ्यानं, म्हणजे दैवालाबी कळू द्या की लेकरू तुमचंच हाय."

त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांतली भीती मी बघितली. ती माझ्या भीतीसारखीच होती, जराही वेगळी नव्हती. दोन नातवंडं तिनंही मातीत ठेवली होती. खाटेवरून वहिनीसाहेब उठायला गेल्या, तोल जाऊन परत बसल्या, आणि अंगावरची शाल काढून माझ्या अंगावर फेकली. "अक्का, पळा," एवढंच आईला म्हणाल्या. आईसाहेब बाजूला झाल्या.

रिक्षा नाक्यावर मिळाली. रिक्षावाले चाचा म्हातारे होते, रिक्षाही त्यांच्याच वयाची. आईनं दवाखान्याचं नाव सांगून म्हटलं, "चाचा, जान का मामला है." चाचा म्हणाले, "पकड के बैठो अम्मा," आणि पुढं एकही खड्डा चुकवला नाही. बाळ आईच्या मांडीवर शालीत. त्याची मान वळवली तिकडं राहात होती. आई मला म्हणाली, "त्याला झोपू देऊ नको. तळपायाला टिचक्या मार. हाक मार, हाक."

"काय म्हणून?"

"काय म्हणून म्हंजे? हाक मार म्हणलं ना!"

आणि मी फुटले. रडत, शेंबूड पुसत, सगळं सांगून टाकलं. पाकीट भिजलं, वाळवायला गेले, उघडलं, वाचलं, कानात म्हणाले, माझ्यामुळंच झालं, मीच मारलं त्याला. आईनं माझ्याकडं बघितलंही नाही, तिची नजर बाळाच्या छातीवर. "काय नाव हाय?" तिनं विचारलं.

"घ्यायचं नसतं."

"काय नाव हाय, पमे?"

"रायाजी," मी म्हणाले.

"मग कामून गप बसलीस? त्याला नाव हाय अन् तू त्याला हाक मारंना?" आणि तिनं स्वतःच सुरुवात केली. "रायाजी! ए रायाजी! ऊठ बाबा! रायाजी!" मला धक्काच बसला. इतक्या मोठ्यानं, भर रस्त्यात, उघड्या आभाळाखाली. मग मीही ओरडायला लागले. तळपायाला टिचकी आणि हाक, टिचकी आणि हाक. नगर नाका गेला, छावणी आली. आमचा आवाज बसला तेव्हा चाचांनी मान न वळवता विचारलं, "क्या नाम बोले?" आणि तेही लागले हाका मारायला, "ओ रायाजी बेटा! उठो मियाँ! देखो, शहर आ गया!" छावणीतून बाहेर पडताना बाळानं तोंड वेडंवाकडं केलं आणि मांजरीच्या पिल्लाइतकं, एवढंसं, रडलं. आई म्हणाली, "मार, अजून मार हाका." इतका बेसूर, इतका घाबरलेला कोरस मी नंतर कधी ऐकला नाही.

दवाखान्यात आईची सगळी माणसं ओळखीची. डॉक्टरबाईंनी बाळाला बघितलं आणि पळतच आत नेलं. त्याचं रक्त बदलावं लागलं. मग उघडंनागडं, डोळ्यांवर पट्टी बांधून, निळ्या दिव्याखाली. कागद भरणाऱ्या क्लार्कनं आईला विचारलं, "बाळाच्या आईचं नाव?" तासाभरापूर्वी दारात "माझं" म्हणून भांडलेली माझी आई क्षणभर थांबली आणि तिनं वहिनीसाहेबांचं पूर्ण नाव, घराण्यासकट, सांगितलं. संध्याकाळी राजे आले, कारखान्याच्या कपड्यांत, हाताला ग्रीस तसंच. त्यांच्यामागं दादा. दोघं पायऱ्यांवर बसून राहिले, दादांनी आणलेला चहा राजांच्या हातात गार झाला. पाच दिवस बाळ त्या निळ्या दिव्याखाली होतं. मी रोज शाळा बुडवून काचेशी उभी राहायची आणि ओठ न हलवता हाक मारायची, कारण मोठ्यानं मारायची हिंमत आईशिवाय मला नव्हती. सहाव्या दिवशी त्यानं दूध ओढलं. आईनं घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

बारसं सव्वा महिन्यानं झालं, गल्लीत मांडव घालून. आबासाहेब फेटा बांधून आले. आईसाहेबांनी माझ्या आईला मांडवात पुढं, पाळण्याजवळ पाट मांडला. दादा मागं खुर्चीवर, हाताची घडी घालून, पण आले होते. पाकीट उशीखालून काढलं आणि आबासाहेबांच्या हातात दिलं, आणि माझा जीव पुन्हा कासावीस झाला. बाळ वाचलं हे खरं, पण पाकिटाच्या तोंडाशी वाळलेलं शीत पांढरंशुभ्र दिसत होतं. आबासाहेबांनी चष्मा लावला. शितावर नख ठेवलं. सबंध मांडव माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं. "अक्षता चिकटलीय," ते म्हणाले, "देवाची कृपा." आईसाहेबांनी हात जोडले. माझ्या आईनं कोपर मारून मला सरळ उभं केलं. मग बाळाची आत्या पाळण्यात वाकली आणि या जगात आजवर कुणीही न उच्चारलेलं नाव तिनं अगदी हळूच बाळाच्या कानात सांगितलं. बजाजनगरापासून दवाखान्यापर्यंत शंभरदा ऐकलेलं आपलं नाव ऐकून रायाजीनं जांभई दिली.

पंगती उठल्यावर वहिनीसाहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. खिडकी उघडी होती. माझ्या हातावर लाडू ठेवून त्या म्हणाल्या, "पमी, त्या दुपारी मी जागी होते."

लाडू माझ्या हातातून पडला.

"तू शेगडीपाशी गेलीस तेव्हाच जागी झाले. तुला थांबवायला तोंड उघडलं होतं. पण तू त्याला हाक मारलीस आणि मला ती इतकी गोड लागली की मी गप्प पडून राहिले. मग तो दूध पिईना. तेव्हा वाटलं, मी आई असून नाव घेऊ दिलं, मीच खाल्लं माझं तिसरं लेकरू." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्या तीन दिवसांत मी तुझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. बघितलं असतं तर बोलले असते."

तेव्हा मला कळलं की त्या अंधाऱ्या खोलीत एकाच गोष्टीला आम्ही दोघी भीत होतो, हाताच्या अंतरावर, आणि भीतीमुळंच दोघीही गप्प होतो. तेवढ्यात बाळाचे तळपाय पिवळे होत गेले. आई फुलंब्रीला आणखी एक दिवस राहिली असती तर, हा विचार आजही आला की मी हातातलं काम सोडून बसते. विकलेलं मूल लग्नाआधी तितकंच धान्य देऊन परत घ्यायचं असतं. ते कुणी घेतलं नाही. आई गेली तेव्हा दादांच्या आणि माझ्या भावांच्या बरोबरीनं खांदा द्यायला रायाजी आला, आणि कुणी विचारलं नाही की हा कोण.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. माझी नात नऊ दिवसांपूर्वी झाली, दिवस भरायच्या फार आधी. शहरातल्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. पेटीवरच्या कार्डावर तिच्या आईचं नाव, तिचं अजून ठरलेलं नाही. मोबाइलवर घरच्या ग्रुपमध्ये नावांची लांबलचक यादी फिरतेय, रोज वाढतेय, पण सून म्हणते, "आई, ती घरी येऊ दे, मग ठरवू." ती असं का म्हणते ते मला कळतं. काल सकाळी नर्सनं पेटीच्या भोकातून हात घालू दिला. भीती अगदी तीच, वयानं ती केसभरही कमी केलेली नाही. मी नातीच्या तळपायाला बोट लावलं, दुसऱ्या हातात मोबाइल धरला, आणि यादीतलं पहिलं नाव घेऊन तिला मोठ्यानं हाक मारली. मग दुसरं. नर्स बघत राहिली. शेवटच्या नावापर्यंत मी थांबले नाही.